बरड आणि काळी: मोटोक्रॉस गाडीच्या सस्पेन्शनच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४

दारव्हा तालुक्यातील आमच्या वावराचा जो तुकडा नाल्याला लागून आहे, त्याची खालची अर्धी जमीन काळी आणि वरची अर्धी बरड, म्हणजे हलकी आणि दगडगोट्यांची आहे. कपाशी तिथे कधीच मनासारखी आली नाही, म्हणून तो पडीत ठेवून त्यावर मोटोक्रॉसचा ट्रॅक आखला आहे. एका फेरीत गाडी बरडावरच्या लांब सरळ पट्ट्यावरून येते, टेबलटॉप म्हणजे सपाट माथ्याच्या मातीच्या उंचवट्यावरून उडी घेते, नाल्याकाठच्या काळ्या मातीत उतरून जोरात ब्रेक लावते आणि वळून पुन्हा बरडाकडे चढते. म्हणजे एकाच फेरीत तिला दोन अगदी वेगळ्या जमिनींना तोंड द्यावे लागते, आणि सस्पेन्शनच्या, म्हणजे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेच्या, कामातील सारी अडचण आणि सारी गोडी इथेच आहे.

गाडी कावासाकी केएक्स२५० आहे आणि ती चालवतो माझा पुतण्या. २४९ सीसीचे चार व्हॉल्व्हचे इंजिन, अ‍ॅल्युमिनियमची चौकट, पुढे ४८ मिलिमीटर व्यासाचा स्प्रिंगचा फोर्क (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्या), मागे लिंकेजवर (जोडदांड्यांवर) बसवलेला एकच शॉक, आणि दोन्हीकडे ३०० मिलिमीटरहून अधिक चाल (चाक वरखाली होण्याचे अंतर), अशी तिची रचना आहे. इंधन भरल्यावर वजन सुमारे १०८ किलो होते. दिवा, आरसा, नंबर प्लेट यांपैकी काहीच नसल्यामुळे ती रस्त्यावर नेता येत नाही. घरापासून वावरापर्यंतची पांदणसुद्धा ती पिकअपमध्ये बसूनच पार करते.

या नोंदी ठेवण्यामागे माझे एक ठाम मत आहे. आपल्याकडे सस्पेन्शन लावणे म्हणजे पेचकस घेऊन क्लिक, म्हणजे फोर्क आणि शॉकवरच्या स्क्रूंचे टप्पे, फिरवत बसणे, असा समज रूढ झाला आहे. क्लिक हे या कामाचे शेवटचे पाऊल आहे. चालवणाऱ्याच्या वजनाला शोभणारी स्प्रिंग आणि बरोबर बसलेला सॅग (वजनाने गाडी किती खाली बसते ते माप) हे दोन्ही जागेवर असल्याशिवाय क्लिक फिरवून मिळालेली प्रत्येक सुधारणा दुसरीकडे कुठेतरी बिघाड करून जाते.

२४ नोव्हेंबर २०२४

आज सॅग मोजला. मोजण्यापूर्वी लिंकेजचे बेअरिंग उघडून त्यांत ग्रीस भरले, साखळीचा ताण बरोबर करून घेतला आणि मगच टेप हातात घेतला. साखळी ताणताना मागचा आस जितका मागे सरकतो, तितका स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा) तरफेसारखा काम करणारा हात लांबतो आणि मागचा भाग थोडा मऊ वाटू लागतो. म्हणून साखळी नंतर ताणली, तर आधी घेतलेल्या मापाला अर्थ उरत नाही.

पद्धत लिहून ठेवतो, कारण ती दर वेळी तंतोतंत तीच असली पाहिजे. गाडी स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी ठेवायचे आणि मागच्या आसापासून मडगार्डवरच्या एका पक्क्या खुणेपर्यंतचे अंतर घ्यायचे. नंतर गाडी जमिनीवर उतरवून, मागचा भाग दोनतीनदा दाबून सोडून, तेच अंतर पुन्हा घ्यायचे. या दोन मापांतील फरक म्हणजे गाडीचा स्वतःच्या वजनाने होणारा सॅग, ज्याला मी पुढे रिकामा सॅग म्हणेन. त्यानंतर हेल्मेट, बूट आणि छातीचे कवच असा पूर्ण पोशाख घातलेल्या चालकाला फूटपेगवर मधोमध उभे करून तिसरे माप घ्यायचे. पहिल्या आणि तिसऱ्या मापातील फरक म्हणजे चालकासह सॅग. पुढचे चाक धरायला एक माणूस, माप घ्यायला दुसरा आणि वर चालक, असे तिघे लागतातच.

मूळच्या स्प्रिंगवर चालकासह सॅग ११२ मिलिमीटर आला. या वर्गातील गाड्यांना साधारण १०० ते १०५ मिलिमीटर मानवते. शॉकवरची प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी, कडी कसत नेली. एका पूर्ण फेऱ्याला सुमारे ३ मिलिमीटर फरक पडतो, त्या हिशेबाने सॅग १०४ वर आणला. आता रिकामा सॅग मोजला तर तो अवघा २४ मिलिमीटर निघाला, आणि तो ३० ते ४० च्या दरम्यान हवा.

इथे बहुतेकांची गल्लत होते. रिकाम्या गाडीचा मागचा भाग फारसा खाली बसत नाही, हे पाहून स्प्रिंग कडक आहे असा निष्कर्ष काढला जातो. खरी गोष्ट अगदी उलटी आहे. मऊ स्प्रिंगला चालकाचे वजन पेलण्यासाठी आधीच फार दाबून ठेवावे लागते, आणि त्या दाबामुळे रिकामी गाडी उंच उभी राहते. याउलट चालकासह सॅग बरोबर असून रिकामी गाडी फार खाली बसत असेल, तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक असते. पुतण्याचे वजन पोशाखासह ८८ किलो भरते, आणि २५० च्या वर्गातील मूळच्या स्प्रिंगा सहसा ७० ते ७५ किलोच्या चालकाला धरून असतात. तेव्हा मागे आणि पुढे दोन्हीकडे कडक स्प्रिंग घ्यायची, असे ठरले.

१ डिसेंबर २०२४

स्प्रिंग येईपर्यंत तुलनेसाठी मूळच्या स्प्रिंगवरच गाडी चालवून घेतली. जमिनीला सध्या उत्तम वाफसा आहे. काळ्या मातीवर चाकाची पकड इतकी घट्ट बसते की वळणात चाकोरी आपोआप तयार होते. इंजिन वरच्या फेऱ्यांत खुलते, हायड्रॉलिक क्लच हलका आहे, पुढचा २७० मिलिमीटरचा डिस्क ब्रेक एका बोटाने पुरतो. मात्र ब्रेक लावताच पुढचा भाग खाली बुडतो आणि टेबलटॉपच्या उतारावर थोडे आखूड पडले की फोर्क तळाला लागल्याचा आवाज धुऱ्यावर उभे राहूनही ऐकू येतो.

२२ डिसेंबर २०२४

नागपूरहून स्प्रिंगा बसवून आल्या. मागची मूळच्यापेक्षा साधारण ७ टक्के कडक आहे आणि फोर्कच्या दोन्ही नळ्यांत त्याच प्रमाणात कडक स्प्रिंग आहे. चालकासह सॅग १०५ ठेवल्यावर रिकामा सॅग ३० आला. मागची उंची जवळजवळ तीच असूनही गाडीचा स्वभाव बदलला, कारण आता स्प्रिंग प्रीलोडच्या दाबाखाली तणून न राहता चालीच्या सुरुवातीलाच काम करू लागली आहे. बरडावरचे लहान दगड पूर्वी ढुंगणाखाली टोचत, ते आज जाणवले नाहीत. कडक स्प्रिंग घालून गाडी मऊ वाटावी हे ऐकायला विपरीत वाटते, पण वरचा हिशेब ध्यानात घेतला तर त्यात नवल नाही.

फोर्कच्या चकचकीत नळीवर एक केबल टाय हलकासा आवळून ठेवला आहे. फोर्क दबला की तो खाली सरकतो आणि फेरी संपल्यावर किती चाल वापरली गेली ते दाखवतो. पूर्वी तो टोकाला जाऊन भिडत होता. आज सर्वांत मोठ्या उडीनंतर १५ मिलिमीटर चाल शिल्लक राहिली. एखाद्या चुकलेल्या उडीसाठी इतकी राखीव चाल असावी. मात्र ५० मिलिमीटर शिल्लक राहू लागली, तर विकत घेतलेली चाल आपण वापरतच नाही असे समजावे.

५ जानेवारी २०२५

आज पहिल्यांदा क्लिकना हात लावला. आधी आहे ती स्थिती टिपून घेतली. मोजणी नेहमी एकाच दिशेने करायची: स्क्रू घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण आत न्यायचा आणि बाहेर काढताना क्लिक मोजायचे. आत नेताना जोर लावला तर आतील सुईचे टोक खराब होते. या फोर्कमध्ये कॉम्प्रेशनचा (दबण्याचा वेग रोखणारा) स्क्रू वरच्या टोकाला आणि रिबाउंडचा (दबून परत सुटण्याचा वेग रोखणारा) खालच्या टोकाला आहे. मागच्या शॉकवर रिबाउंड खाली आहे, आणि वरच्या बाजूला मंद गतीच्या कॉम्प्रेशनचा स्क्रू व त्याच्याभोवती जलद गतीच्या कॉम्प्रेशनचा नट आहे. मंद आणि जलद या गती शॉकच्या दांड्याच्या आहेत, गाडीच्या नव्हेत. गाडी सावकाश चालली असली तरी एखाद्या दगडाच्या धारेवर चाक आदळले की दांडा झटक्यात आत जातो. आणि गाडी भरधाव असली तरी उडीच्या लांब चढावर तो सावकाश दबतो.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुतण्या येऊन म्हणाला, "काका, मांगून लाथ मारते गाडी." कुठे मारते, असे विचारल्यावर त्याने दोन जागा सांगितल्या: नाल्याच्या वळणाआधी ब्रेक लावण्याच्या जागी पडलेल्या लाटा आणि टेबलटॉपचा चढ. तक्रार एकच असली तरी दोन्ही जागांची कारणे वेगळी असू शकतात, म्हणून धुऱ्यावर बसून फोनवर संथ गतीचे चित्रण केले.

चित्रणात दिसले ते असे. ब्रेकच्या लाटांपैकी पहिल्या दोन लाटा मागचे चाक नीट गिळत होते, तिसऱ्या लाटेला मागचा भाग आधीपेक्षा खाली होता आणि चौथीला चाक जमीन सोडून वर उडाले. म्हणजे एका लाटेवर दबलेला शॉक पुढची लाट येण्याआधी पूर्ण सुटत नव्हता. प्रत्येक लाटेगणिक तो थोडा अधिक दबलेलाच राहत गेला आणि शेवटी स्प्रिंगच्या चालीचा कडक भाग तेवढा उरला. हे रिबाउंड फार मंद असल्याचे लक्षण आहे. लाथ मारते म्हटले की रिबाउंड आवळायचे, ही प्रचलित रीत इथे वापरली असती, तर त्रास वाढला असता.

रिबाउंड १३ वरून १५ क्लिकवर, म्हणजे दोन क्लिक मोकळे केले. लाटा गुळगुळीत झाल्या. अपेक्षेप्रमाणे टेबलटॉपच्या चढावरची लाथ मात्र किंचित वाढली, कारण तिथे चढाच्या बुडाशी शॉक खोलवर दबतो आणि माथ्यावर साठलेली सारी शक्ती एकदम सोडतो. रिबाउंड पुन्हा आवळणे हा एक मार्ग होता, पण त्याने लाटा परत आल्या असत्या. शॉक मुळात इतका खोल दबूच न देणे हा दुसरा मार्ग निवडला. चढावरचे दबणे सावकाश होते, म्हणून मंद गतीचे कॉम्प्रेशन १२ वरून १० वर आणले. त्यानंतर गाडी चढावरून सरळ आणि समतोल उडू लागली.

प्रत्येक बदलानंतर थोड्या फेऱ्या, एका वेळी एकच बदल आणि बदल होताच वहीत नोंद, हा नियम मी कठोरपणे पाळतो. पुतण्याला तो कंटाळवाणा वाटतो. मात्र दोन गोष्टी एकदम बदलून गाडी सुधारली, तर नेमके कशाने सुधारली ते कळत नाही, आणि पुढच्या हंगामात जमीन बदलल्यावर त्या सुधारणेचा काहीच उपयोग राहत नाही.

१९ जानेवारी २०२५

बरडावर मागचे चाक पंक्चर झाले. ट्यूब रिममध्ये चिमटली होती. टायरमध्ये १२ पीएसआय हवा होती. काळ्या मातीत तेवढी उत्तम चालते, पण बरडासाठी १४ ठेवायचे ठरवले. शेजारच्या वावरातली तुरीची कापणी झाली आहे. तुराटीचे तिरपे कापलेले बुडखे खिळ्यासारखे उभे असतात, म्हणून ट्रॅकची ती कड झाडून घेतली.

९ फेब्रुवारी २०२५

वाफसा उडाला आहे. काळी माती वरून कडक होऊ लागली आणि सपाट वळणात पुढचे चाक बाहेर सरकू लागले. अशा वेळी सहसा फोर्कला दोष दिला जातो. मी आधी सॅग मोजला, तर तो १०९ निघाला. नवी स्प्रिंग आणि सीलांचे घर्षण काही तासांच्या चालीनंतर थोडे सैल पडतेच. मागचा भाग खाली बसला की पुढच्या चाकावरचे वजन कमी होते, फोर्क अधिक तिरपा होतो आणि गाडी वळण रुंद घेते. कडी एक फेरा आणि वर थोडी कसून सॅग १०५ वर आणला. निम्मा दोष तिथेच गेला.

उरलेल्या निम्म्यासाठी फोर्कच्या नळ्या हँडलखालच्या क्लॅम्पमध्ये ३ मिलिमीटर वर सरकवल्या. पुढचा भाग तेवढा खाली आला आणि गाडी वळणात आतली रेघ धरू लागली. त्याची किंमतही लगेच दिसली: बरडाच्या सरळ पट्ट्यावर चौथ्या गियरमध्ये हँडल थरथरू लागले. गाडीची वळण्याची तत्परता आणि सरळ धावण्याची स्थिरता एकाच खात्यातून खर्च होतात. नळ्या २ मिलिमीटरवर परत आणल्या, तेव्हा थरथर थांबली आणि वळणही बहुतांशी टिकले. एका मिलिमीटरचा फरक चालकाला जाणवतो, हे मी चित्रणात पाहिले नसते तर मलाही पटले नसते.

हरभऱ्यासाठी मांडलेले तुषार सिंचनाचे पाइप रात्री दोन तास ट्रॅकवर लावले होते. कृषिपंपाची वीज रात्रपाळीत असल्यामुळे पाणी रात्रीच द्यावे लागते आणि सकाळी सात वाजता माती नेमकी हवी तशी मिळते. ट्रॅकसाठी ही पाळी माझ्या दृष्टीने सोयीचीच आहे.

२ मार्च २०२५

बरडासाठी मागचे जलद गतीचे कॉम्प्रेशन पावणेदोन फेऱ्यांवरून दोन फेऱ्यांवर मोकळे केले. दगडांच्या धारा बोथट झाल्या आणि टेबलटॉपचे उतरणे बिघडले नाही, कारण मंद गतीचा स्क्रू मी तसाच ठेवला होता. दोन्ही जमिनींना एकच मांडणी हवी असेल, तर माझ्या मते हाच तिचा गाभा आहे: काळ्या मातीतले ब्रेकिंग मंद गतीच्या बाजूने सांभाळायचे आणि बरडावरचे धक्के जलद गतीच्या बाजूने.

गाडीसोबत इंजिनच्या नकाशांचे तीन कपलर, म्हणजे इंजिनचा प्रतिसाद बदलणारे छोटे प्लग, येतात: सर्वसाधारण, कडक जमिनीसाठी आणि मऊ जमिनीसाठी. आज कडक जमिनीचा कपलर लावला. थ्रॉटलची सुरुवात सौम्य झाली, बरडावरच्या धुळीत मागचे चाक कमी सटकू लागले आणि वळणातून बाहेर पडताना मागचा भाग सरळ राहिला. चालकाला हा बदल सस्पेन्शनमधला वाटला, आणि त्यात तथ्य आहे; इंजिनची ओढ साखळीवाटे मागच्या शॉकपर्यंत पोहोचतच असते.

२७ एप्रिल २०२५

पारा ४४ अंशांच्या पुढे गेला आहे. चालवणे फक्त सकाळी सहा ते आठ. तरीही शेवटच्या फेऱ्यांत फोर्क कडक होतो, अशी तक्रार आली. सकाळच्या २५ अंशांवरून आतील हवा ४५ अंशांवर गेली की बंद जागेतला दाब सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. त्यात फोर्कच्या स्वतःच्या घर्षणाची उष्णता मिळते. उपाय सोपा आहे. गाडी स्टँडवर घेऊन, पुढचे चाक अधांतरी ठेवून, फोर्कच्या टोपणांवरचे हवेचे स्क्रू क्षणभर उघडायचे आणि पुन्हा बंद करायचे. चाक जमिनीवर असताना हे केले तर दबलेल्या फोर्कमधली हवा निघून जाते आणि उलटा परिणाम होतो. आता प्रत्येक सत्रापूर्वी हे करतो.

मागच्या बाजूला उष्णतेचा परिणाम वेगळा आहे. तेल तापून पातळ होते आणि रिबाउंड आपोआप जलद होते. म्हणून उन्हाळ्यापुरते मागचे रिबाउंड १५ वरून १४ वर आणले.

काळ्या जमिनीला भेगा पडू लागल्या आहेत. या मातीत फुगणारी आणि आकसणारी चिकणमाती असल्यामुळे मे महिन्यापर्यंत काही भेगांत हात कोपरापर्यंत जाईल. उतरण्याच्या जागेच्या भेगा मुरूम टाकून भरून घेतल्या. तिथे कोणतीही मांडणी पुरी पडणार नाही. पुढचे चाक भेगेत अडकले तर चालकाच्या मनगटावर बेतेल.

११ मे २०२५

डाव्या फोर्कच्या नळीवर तेलाची कड दिसली. या काळ्या धुळीचे कण फार बारीक असतात आणि सीलच्या ओठाखाली जाऊन बसतात. धूळझडप खाली सरकवून, पातळ प्लॅस्टिकची पट्टी सीलखालून फिरवून घाण काढली आणि गळती थांबली. हे तेल पुढच्या ब्रेकच्या डिस्कवर उतरते, म्हणून पॅडही तपासून घेतले.

१५ जून २०२५

मृगाचा पाऊस झाला. काळी माती चाकांना, स्विंगआर्मला आणि मडगार्डखाली थापून बसते, आणि तीनचार फेऱ्यांत गाडीचे वजन कित्येक किलोंनी वाढते. साधा तराजू आणून निघालेली माती तोलली, तर ती नऊ किलोंच्या वर भरली. एवढ्या ओझ्याने सॅग पुन्हा वाढतो, त्यामुळे चिखलाच्या दिवसासाठी प्रीलोड अर्धा फेरा अधिक, पुढचे कॉम्प्रेशन दोन क्लिक कडक आणि टायरमध्ये १२ पीएसआय अशी वेगळी मांडणी वहीत लिहिली. मऊ जमिनीचा कपलर आज लावून पाहिला. चिखलात इंजिन लवकर ओढ घेते आणि क्लचवरचा भार हलका होतो.

उद्यापासून शेजारी पेरणी सुरू होते आहे. इंजिनच्या आवाजाने बैल बुजतात, म्हणून ट्रॅक बंद ठेवणार आहोत. गाडी धुऊन घेतली. पाण्याची धार लिंकेजच्या बेअरिंगवर आणि फोर्कच्या सीलवर सरळ मारली नाही. शॉक आणि फोर्क काढून तेल बदलायला पाठवत आहे. ते परत आल्यावर क्लिक मूळ जागी आणण्याआधी सॅग नव्याने मोजायचा आहे, आणि पुतण्याला वजन करून घ्यायला सांगितले आहे, कारण या हंगामात तो बराच उतरला आहे.